फिरत्या खेळाडूची सेवाज्येष्ठता

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूची बदली सामान्यतः त्याला न विचारताच होते. या रीतीला १९६९ मध्ये सेंट लुईस संघाचा आउटफिल्डर कर्ट फ्लड याने आव्हान दिले. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे आयुक्तांना कळवून तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरुद्ध गेला. तथापि १९७३ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात एक नियम आला. एकूण १० वर्षांची सेवा झालेल्या आणि त्यांपैकी अखेरची सलग ५ वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूची बदली त्याच्या संमतीविना करता येत नाही.

वरवर पाहता नियम न्याय्य वाटतो. परंतु मॅट स्टेअर्स या कॅनेडियन आउटफिल्डरची कारकीर्द पाहिली म्हणजे त्यातील उणीव ध्यानात येते. १९९२ ते २०११ या काळात तो १३ संघांकडून खेळला. कुठे करार संपला, कुठे अदलाबदलीत नाव आले. ऑकलंडमध्ये त्याने ५ हंगाम काढले, १९९९ मध्ये ३८ होम रन मारले. पण तेव्हा १० वर्षे भरली नव्हती. पुढे १० वर्षे भरली, तेव्हा एका संघात ५ वर्षे होत नव्हती. २००८ च्या ऑगस्टअखेर टोरंटोहून फिलाडेल्फियाला त्याची रवानगी झाली, तेव्हा टोरंटोतील त्याचा तो दुसराच हंगाम होता.

त्या बदलीने त्याचे भलेच झाले, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. ऑक्टोबरात लॉस एंजेलिस येथील सामन्यात ऐन वेळी बदली फलंदाज म्हणून येऊन त्याने निर्णायक होम रन मारला, आणि त्या वर्षी फिलाडेल्फियाने जागतिक मालिका जिंकली. बदली फलंदाज म्हणून एकंदर २३ होम रनांचा उच्चांकही त्याच्याच नावावर नोंदला गेला. परंतु बदलीचे फळ गोड निघाले, म्हणून संमतीचा प्रश्न निकालात निघत नाही.

नामवंत खेळाडू आपल्या करारातच बदलीविरुद्ध अट घालून घेतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याला तेवढे वजन नसते. त्याला आधार नियमाचाच. आणि तो नियम त्याच्याकडे एका जागी टिकल्याचा पुरावा मागतो! सेवाज्येष्ठता मोजायची, तर ती खेळाला दिलेल्या वर्षांवरून मोजावी. १० वर्षे पुरी करणाऱ्या प्रत्येकाला नकाराचा अधिकार मिळाला, तरच फ्लडच्या लढ्याचे फळ खऱ्या गरजवंताच्या हाती पडेल.