खाकी उतरल्यावर

ऑक्टोबर म्हणजे आपल्या घरांतून दीक्षाभूमीचा महिना. पांढरी साडी, पांढरा सदरा पेटीतून बाहेर निघतो. ज्यांना नागपूर गाठता येते ते गाठतात, बाकीचे विहारात वंदनेला जमतात. १४ तारीख सरली की बरोबर आठवड्याने २१ ऑक्टोबर येतो. हा दिवस मात्र आपल्या वस्त्यांतून कुणाच्या ध्यानीमनी नसतो. ज्यांच्या घरात पोलीस आहे तेवढ्यांना तो ठाऊक असतो, कारण त्या दिवशी पहाटे उठून कडक इस्त्रीचा गणवेश चढवून परेडला जायचे असते. त्याला पोलीस स्मृतिदिन म्हणतात.

१९५९ साली याच तारखेला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, सोळा हजार फुटांच्या आसपास उंचीवर, चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले १० पोलीस जवान कामी आले. आदल्या दिवशी टेहळणीला गेलेले सहकारी परत आले नाहीत म्हणून त्यांच्या शोधाला निघालेली ती माणसे होती. त्यांचे देह १३ नोव्हेंबरला ताब्यात मिळाले आणि त्याच बर्फात त्यांना अग्नी देण्यात आला. तेव्हापासून देशभर या दिवशी मागच्या वर्षभरात कर्तव्यावर मरण पावलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. मुंबईत नायगावच्या मैदानावर हा कार्यक्रम होतो. बंदुका उलट्या धरल्या जातात, बिगुल वाजतो आणि एकेक नाव घेतले जाते.

वाचकहो, सहकाऱ्याच्या शोधाला निघालेल्या माणसांचा हा दिवस आहे, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. याचे कारण असे की तेच काम आज आपल्या समाजातील काही निवृत्त हवालदार आणि जमादार कसलाही गाजावाजा न करता करीत आहेत. फरक इतकाच की यांचे हरवलेले सहकारी बर्फात नसून बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळ्याच्या चाळींतून आणि इमारतींतून खाटेला खिळलेले आहेत.

हे कसे घडते ते पोलीस लाईनीत राहिलेल्यांना सांगायला नको. माणूस वरळीला नाहीतर नायगावला सरकारी खोलीत पंचवीस-तीस वर्षे काढतो. मुले तिथेच वाढतात, तिथल्याच विहारात त्यांची लग्ने लागतात. अठ्ठावन्न वर्षे भरली की निरोप समारंभ होतो, पुष्पगुच्छ मिळतो आणि काही महिन्यांत खोली खाली करावी लागते. हातात आलेल्या फंडातून मुंबईत घर होत नाही. मग कल्याणच्या पुढे कुठेतरी जागा घेतली जाते. ज्या शेजाऱ्यांनी रात्री-अपरात्री दवाखान्यात नेले असते ते चारी दिशांना पांगतात. नेमके याच वेळी अंग बोलू लागते. बारा-बारा तास उभे राहून पायाच्या शिरा फुगलेल्या, गुडघे गेलेले, बंदोबस्तात वेळी-अवेळी वडापाव खाऊन साखर वाढलेली, रात्रपाळीने झोप मोडलेली. नोकरीत असताना औषधपाण्याची जी सोय होती ती निवृत्तीनंतर तशीच राहत नाही. शिवाय पोलिसाचा स्वभाव असा की आयुष्यभर दुसऱ्याला दरडावले, आता दुसऱ्यापुढे हात कसा पसरायचा?

गिरणी कामगाराला लाल बावटा होता, रेल्वेवाल्याला युनियन आहे, बेस्टवाल्याला आहे. पोलीस शिपायाला नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधने घातली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी उठाव केला तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेण्यात आली, रस्त्यावर लष्कर आले आणि कितीकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा खात्यात असलेले लोक आज सत्तरीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. एकत्र येण्याची भीती त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की आज आजारी मित्रासाठी वर्गणी काढतानाही ते दबक्या आवाजात बोलतात. आम्हाला याचे हसू येत नाही.

आमच्या ओळखीचे असे पाच-सात निवृत्त लोक आहेत. संस्था नाही, लेटरहेड नाही, पावतीपुस्तक नाही. एक शंभरपानी वही आहे. तिच्यात बरोबरच्या लोकांची नावे, आताचे पत्ते, रक्तगट आणि घरातल्या एका कर्त्या माणसाचा फोन लिहिलेला आहे. कुणी आजारी असल्याचे कळले की दोघांनी जायचे, एकट्याने जायचे नाही, असा त्यांचा रिवाज आहे. एकजण आजाऱ्याजवळ बसतो, जुन्या पोलीस ठाण्याच्या गोष्टी काढतो. दुसरा स्वयंपाकघरात वहिनींशी बोलतो, कारण खरी अडचण तिथेच कळते. आजारी हवालदार म्हणतो, "सगळे ठीक आहे, जयभीम, चहा घ्या." वहिनी सांगतात की इन्शुलिन संपून चार दिवस झाले.

मोठ्या सरकारी रुग्णालयात कुणाला ठेवले तर पाळ्या लावतात. रात्रीची पाळी मागून घेणारा त्यांच्यात एकजण आहे. त्याचे म्हणणे असे की आम्हाला जागायची सवय आहे, पोरांना सकाळी कामावर जायचे असते. केस पेपर, रक्त, एक्स-रे, कोणत्या खिडकीवर कोणता शिक्का, हे त्यांना पाठ असते. दरारा दाखवून रांग मोडायची नाही, हाही त्यांचा एक नियम आहे आणि तो त्यांना सगळ्यात जड जातो, असे त्यांच्यातलेच एकजण हसत सांगतात!

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी विहारात ऐकला असेल. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नसे म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ केले, उचलून मंचकावर निजवले आणि मग भिक्खुसंघाला बोलावून रुग्णसेवेचा नियम घालून दिला. यात तथागतांनी आधी पाणी ओतले आणि उपदेश नंतर केला, हा क्रम आमच्या लक्षात राहिला आहे. आपल्या कार्यक्रमांतून बहुधा उलटे होते. शाली दिल्या जातात, भाषणे होतात. आमच्या माहितीतील एका निवृत्त जमादाराच्या कपाटात नऊ शाली आहेत आणि गुडघ्याचे ऑपरेशन दोन वर्षे पैशावाचून अडलेले होते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा मजकूर अर्धवट राहील. पोलिसांचा गौरव करा म्हटले की आपल्या काही वाचकांच्या कपाळाला आठी पडते. ती पडणे साहजिक आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीत काय झाले आणि भागवत जाधव कसा गेला ते बी.डी.डी. चाळींनी पाहिले आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसे रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जीव गेले. ज्या घरातला मुलगा गोळीने गेला त्या घराला खाकीला सलाम करा असे आम्ही सांगणार नाही. तसे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पण त्याच आठवड्यात आपल्याच समाजातले किती शिपाई बंदोबस्ताला उभे होते, घरी आल्यावर शेजाऱ्यांशी नजर कशी मिळवत होते, हेही आपण कधी विचारलेले नाही. ती माणसे आता म्हातारी झाली आहेत. एकजण आम्हाला म्हणाले, "साहेब, खात्यात आम्हाला 'तुमची माणसे' म्हणून टोमणे मारीत आणि वस्तीत 'त्यांचा माणूस' म्हणत." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. ११ जुलैला रमाबाई नगरच्या शहिदांना अभिवादन करायचे आणि २१ ऑक्टोबरला कर्तव्यावर गेलेल्या शिपायाचे नाव घ्यायचे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत असे आमचे मत आहे. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि दिवसाला बारा तास उभे राहून झिजलेल्या शिपायाचा वेगळा.

शिवाय ही खाकी आपल्याला कुणी आयती दिलेली नाही. गावगाड्यात महाराने वेशीवर जागल करायची, चोराचा माग काढायचा, सरकारी खजिना पोहोचवायचा, पाटलाबरोबर फिरायचे. पोलिसाचे बहुतेक काम त्याच्याकडे, पण गणवेश नाही, पगार नाही, वाट्याला बलुते आणि शिळी भाकर. म्हणूनच शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० साली विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला तेव्हा सैन्याबरोबरच पोलीस शिपायांच्या जागाही मागितल्या. १९२८ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला जे निवेदन दिले त्यातही लष्कर, आरमार आणि पोलीस यांतील भरतीचा हक्क मागितला होता. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. बिनपगारी जागल्याचा नातू पगारी हवालदार झाला, त्यामागे हे एवढे आहे.

२६ नोव्हेंबरलाही आपण सकाळी संविधानाची उद्देशिका वाचतो. त्याच तारखेच्या रात्री, २००८ साली, मुंबईवर हल्ला झाला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसात आले होते. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी अतिरेक्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळाले. पुढे २०२० मध्ये करोनात रस्त्यावर उभे राहून जे पोलीस गेले त्यांतले पुष्कळसे पन्नाशी ओलांडलेले, निवृत्तीला टेकलेले होते. त्यांच्या कुटुंबांना ५० लाखांची मदत जाहीर झाली, ती मिळवण्यासाठी कागद गोळा करताना वहीवाले हे लोकच दारोदार फिरले.

या लोकांतला कुणी जातो तेव्हा त्याला सरकारी मानवंदना नसते. स्मशानात त्रिसरण-पंचशील झाल्यावर बरोबरचे निवृत्त लोक एका रांगेत उभे राहतात. त्यांच्यातला वयाने मोठा हलक्या आवाजात 'सावधान' म्हणतो आणि सगळे हात कपाळाला लावतात. कुणाचा हात खांद्याच्या वर जात नाही, तोही जाईल तिथपर्यंत नेतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते पुन्हा येतात, तेव्हा मात्र त्यांच्या हातात फाईल असते.

या फाईलविषयी भगिनींना थोडे सांगायचे आहे. पती हयात असतानाच ती करून ठेवा. पेन्शनच्या आदेशाची म्हणजे पी.पी.ओ.ची झेरॉक्स, बँकेचे पासबुक, दोघांचा एकत्र फोटो, आधार कार्ड. पी.पी.ओ.वर तुमचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच आहे ना, ते आज पाहा. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, एवढ्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन्‌महिने अडल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत. पेन्शनची काही रक्कम विकली असेल तर पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू व्हायला हवी, ती तारीख लिहून ठेवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर भरती झालेल्या मुलांची गोष्ट निराळी, त्यांना अंशदान योजना लागू झाली. तेव्हा सासऱ्यांच्या पेन्शनवरून सुनेने आपला अंदाज बांधू नये, ऑफिसात जाऊन विचारावे.

औषधोपचाराबाबतही एक गैरसमज अजून टिकून आहे. पांढरे रेशनकार्ड असले की महात्मा फुले जनआरोग्य योजना मिळत नाही, असे पुष्कळ निवृत्त लोक धरून बसतात. पूर्वी तसे होते. आता ही योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. मात्र रुग्णालय योजनेतले असावे लागते आणि आजार यादीत असावा लागतो. दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. बिल झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

आणि नोव्हेंबर तोंडावर आला आहे. हयातीचा दाखला द्यायचा तो महिना. शेजारच्या इमारतीत एखादे म्हातारे हवालदार असतील, जिने उतरवत नसतील, तर त्यांच्या बँकेत आताच जाऊन सांगा. मोबाईलवरून चेहरा दाखवून किंवा बोटाचा ठसा घेऊनही घरबसल्या दाखला देता येतो, कॉलेजात जाणाऱ्या पोराला ते अर्ध्या तासाचे काम आहे. पोराला पाठवताना एक सांगून ठेवा, आधी चहा घ्यायचा, दोन जुन्या गोष्टी ऐकायच्या आणि मग मोबाईल काढायचा.