गोगलगायीवर नेमके कोण बसले होते?

व्यंगचित्रकार शंकर, म्हणजेच के. शंकर पिल्लई, यांना भारत सरकारने 1956 साली पद्मश्री, 1966 साली पद्मभूषण आणि 1976 साली पद्मविभूषण देऊन गौरविले. भारतीय राजकीय व्यंगचित्रकलेचे जनक अशी त्यांची ख्याती आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या समाजात शंकर कोण, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, गोगलगायीवर लिहिलेली 'राज्यघटना', मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू आणि ही गंमत बघत हसणारी गर्दी!

मे 2012 मध्ये या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला तेव्हा निदर्शने करणाऱ्यांत मीही होतो. घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. मात्र एक कबुली दिली पाहिजे. ज्या पाठ्यपुस्तकात ते चित्र होते ते मी तेव्हा उघडूनही पाहिले नव्हते. पुरावा न वाचता युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला न्यायाधीश काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणून नंतर सगळे वाचले, आणि राग कमी झाला नाही; त्याची दिशा मात्र बदलली.

शंकर यांचा जन्म 1902 चा, केरळातील कायमकुलमचा. तिरुवनंतपुरमला शिक्षण झाल्यावर ते कायदा शिकण्यासाठी मुंबईत आले आणि कायदा अर्धवट सोडला. (बरेच केले. इतक्या कमी शब्दांत बोलणारा माणूस आमच्या व्यवसायात उपाशी मरतो.) एका जहाज कंपनीत नोकरी करता करता ते 'फ्री प्रेस जर्नल' आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'साठी व्यंगचित्रे काढू लागले. 1932 साली दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'मध्ये गेले आणि 1946 पर्यंत तेथेच राहिले. 1932 म्हणजे पुणे कराराचे साल, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. वर्तमानपत्र बिर्लांचे, 1937 पासून संपादक गांधीजींचे चिरंजीव देवदास. त्या कचेरीच्या खिडकीतून बाबासाहेब कसे दिसत असतील? 1939 साली जीनांवरील एका चित्राबद्दल गांधीजींनी शंकर यांना पत्र लिहून नापसंती कळविली होती. म्हणजे चित्र टोचते, त्याला मर्यादा असावी, हे त्या काळच्या पुढाऱ्यांना कळत नव्हते असे नाही.

मे 1948 मध्ये त्यांनी 'शंकर्स वीकली' काढले. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू होते. 'मलाही सोडू नका' असे त्यांनी शंकर यांना बजावल्याचे सांगतात. पुढे 1983 साली नेहरूंवरील व्यंगचित्रांचा संग्रह त्याच नावाने निघाला. अबू अब्राहम, कुट्टी, रंगा, ओ. व्ही. विजयन ही मंडळी याच साप्ताहिकाच्या आश्रयाने पुढे आली. आणीबाणीत, ऑगस्ट 1975 मध्ये, साप्ताहिक बंद पडले आणि दुसऱ्याच वर्षी त्याच राजवटीने संपादकाला पद्मविभूषण दिले. यावर शंकर यांनीच एक चित्र काढायला हवे होते!

आता कलेबद्दल. अग्रलेख लिहिणाऱ्याला पाऊण स्तंभ मिळतो, 'परंतु' आणि 'तथापि' मिळतात. व्यंगचित्रकाराला एक चौकट आणि वाचकाची एक नजर मिळते. म्हणून तो नवे काही सिद्ध करत बसत नाही. लोकांच्या डोक्यात जे आधीच घोळत असते त्याला तो नाक, डोळे आणि शेपूट देतो. शंकर यांचे कसब यातच होते. 1949 साली दिल्लीच्या इंग्रजी वाचणाऱ्या वर्गात घटना फार रेंगाळली अशी कुरकुर होती. इंग्रजीत मंद चालीला गोगलगायीची उपमा देतात. (मराठी माणसाला ही उपमा लगेच लागत नाही. आपल्याला गोगलगाय म्हटले की तिच्या पोटातले पाय आठवतात.) शंकर यांनी उपमा उचलली, वर घटना समितीतील सर्वांत ओळखीचा चेहरा बसवला, काम झाले.

पण चेहरा ओळखीचा म्हणून दोष त्याचा, हे कोणत्या न्यायात बसते?

चित्र 28 ऑगस्ट 1949 चे. मसुदा समिती नेमली गेली 29 ऑगस्ट 1947 ला. दुसऱ्या दिवशी पहिली बैठक. 21 फेब्रुवारी 1948 ला मसुदा अध्यक्षांच्या हाती. सहा महिनेसुद्धा झाले नव्हते! त्यानंतर आठ महिने मसुदा जनतेसमोर होता. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी तो सभागृहात मांडला आणि 15 नोव्हेंबर 1948 पासून 17 ऑक्टोबर 1949 पर्यंत एकेका कलमावर चर्चा चालली. म्हणजे शंकर यांनी कुंचला उचलला त्या दिवशी घटना बाबासाहेबांच्या टेबलावर नव्हतीच. ती सभागृहाच्या ताब्यात होती. 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या, 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या सदस्यांपैकी एकही चित्रात गोगलगायीवर बसलेला नाही. सात जणांच्या समितीतील कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी दूर राहिले आणि भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 लाच सभागृहात सांगून टाकले होते. वर्तमानपत्रवाल्यांना ते ऐकू आले नसेल असे मानणे कठीण आहे.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी या कुरकुरीचा हिशेब आकड्यांनिशी चुकता केला. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली. अमेरिकेला चार महिने, पण तिची कलमे सातच, आपली 395. नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे नाव दिले होते. बाबासाहेबांनी तो टोला हसत घेतला आणि वाहवत जाण्यातही प्रभुत्व असू शकते असे उत्तर दिले. विनोद न कळणारा तो माणूस नव्हता.

मग शंकर जातीयवादी होते का? हेतूचा पुरावा मजजवळ नाही आणि पुराव्याशिवाय आरोपपत्र दाखल करू नये. पण कायद्यात हेतू वेगळा आणि परिणाम वेगळा. 'मलाही सोडू नका' हे सत्ताधाऱ्याने मित्राला म्हणणे सोपे असते, कारण उद्याची बातमी त्याच्याच बाजूने छापली जाणार असते. बाबासाहेबांच्या पाठीशी एकही मोठे इंग्रजी दैनिक नव्हते. उन्नमती श्याम सुंदर या संशोधक व्यंगचित्रकाराने 1932 ते 1956 या काळातील बाबासाहेबांवरील व्यंगचित्रे जमवून 2019 साली 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक काढले. त्यात शंकर आहेत, आर. के. लक्ष्मणही आहेत. ती पाने एकापाठोपाठ एक पाहिली की सुटा विनोद सुटा राहत नाही.

एनसीईआरटीच्या पुस्तकात चित्राशेजारी प्रश्न होता, घटनेला इतका वेळ का लागला असावा? प्रश्न चांगला होता. पण चित्र आधी बोलते, प्रश्न मागून येतो, आणि मधल्या क्षणात वर्ग हसतो. त्या वर्गात मागच्या बाकावर आपली मुलगी बसलेली असते. हे पुस्तक करणाऱ्यांना सुचले नाही, ही त्यांची चूक. प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुण्यातील कार्यालयाची तोडफोड झाली, ती आपली चूक. सुखदेव थोरात समितीने अनेक चित्रे वगळण्याची शिफारस केली, एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदविले. माझे मत आज पांडियन यांच्या बाजूला झुकते. चित्र गेले, त्याबरोबर उलटतपासणीची संधीही गेली. चित्र ठेवून समोरच्या पानावर ते 25 नोव्हेंबरचे भाषण छापा, अशी मागणी आपण करायला हवी होती.

गेल्या संविधान दिनाला आमच्या विहारात मुलांपुढे त्या चित्राच्या झेरॉक्स ठेवल्या आणि वरच्या तारखा सांगितल्या. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, दुरुस्त्यावाले कुठे आहेत?" मग तिनेच पेन्सिल घेऊन गोगलगायीच्या शंखावर दाटीवाटीने पंधरा-वीस माणसे काढली, प्रत्येकाच्या हातात एक कागद. ती झेरॉक्स माझ्या फायलीत आहे.