महानसाचा जीर्णोद्धार

तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठास बसलेल्या विद्यार्थ्याची ज्या स्थळाशीं सर्वांआधीं ओळख करून देण्यांत येते, तें स्थळ म्हणजे महानस, अर्थात् स्वयंपाकघर. पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि असला पाहिजे, जसें महानसांत. अन्नंभट्टानें तर्कसंग्रहांत हाच दृष्टान्त घेतला आहे, व गुरुशिष्यांच्या कित्येक पिढ्या तो घोकीत आल्या. परंतु आज कोणत्याहि घरच्या स्वयंपाकघरांत डोकावून पाहावें. अग्नि आहे, धूर नाहीं. नैयायिकांच्या सिद्धान्तास यानें बाध येत नाहीं, हें खरें. धूर तेथें अग्नि एवढेंच त्यांचें म्हणणें. अग्नि तेथें धूर असें नव्हे, व तापलेल्या लोखंडी गोळ्याचें उदाहरण त्यांनीं त्यासाठींच राखून ठेविलें आहे. आमच्या घरचें महानस त्या गोळ्याच्या पंक्तीस जाऊन बसलें, इतकेंच.

हें प्रास्ताविक करण्याचें कारण असें कीं, यंदा संक्रांतीपासून आमच्या घरीं स्वयंपाकघर मोडून नवें करण्याचें काम चाललें होतें, आणि आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं तें या ना त्या वर्षीं निघणारच. मुंजीलग्नाच्या याद्या करावयास घरांतील दहा डोकीं एकत्र बसतात. पण जेथें त्या दहाहि जणांचें अन्न शिजतें, त्या जागेची रचना मात्र एका परक्या गृहस्थाच्या पेन्सिलीवर सोंपविली जाते, याचें आम्हांस नेहमींच नवल वाटत आलें आहे.

प्रथम अंदाजपत्रकाविषयीं. आमच्याकडे तीन कंत्राटदार येऊन गेले. एकानें दर सांगितला तो चौरस फुटाचा, दुसऱ्यानें धांवत्या फुटाचा, व तिसऱ्यानें भिंतींकडे एकवार पाहून एकच ठोक आंकडा सांगितला. वरवर पाहतां पहिला सर्वांत स्वस्त वाटला. परंतु चौरस फूट म्हणजे कशाचे? कपाटांच्या दर्शनी दारांचे, कीं आंतल्या फळ्या व खण धरून? ट्रॉल्या, बिजागऱ्या, मुठी त्यांत आल्या कीं निराळ्या? जुना ओटा फोडून राडारोडा वाहून नेण्याचा खर्च कोणाचा? हे प्रश्न विचारल्यावर पहिल्याचा आंकडा दुसऱ्याच्या पुढें गेला. म्हणून प्रत्येकाकडून कामाची बाबवार यादी मागावी, व तिन्ही याद्या शेजारीं ठेवून ताडून पाहाव्या. यादींत जें नाहीं तें पुढें 'जादा काम' या नांवानें परत भेटावयास येतें. जी. एस. टी.सह पक्कें बिल घ्यावें. 'पावती नको असेल तर कमी घेऊं' असें सांगणारा मनुष्य कर वांचवीत नसून उद्यां कुरकूर निघाल्यास आपल्या हातांतील पुरावा वांचवीत असतो.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. मयमतासारख्या आपल्या जुन्या शिल्पग्रंथांत बांधकाम करणारांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपति, सूत्रग्राही, तक्षक व वर्धकि. यांपैकीं सूत्रग्राही म्हणजे माप धरणारा. त्याचें स्थान स्थपतीच्या खालोखाल. आजचा कंत्राटदार गवंडी आणतो, सुतार आणतो, प्लंबर व वायरमन आणतो; फीतहि आणतो. पण ती फीत तो भिंतीस लावतो, माणसांस लावीत नाहीं. आमच्या धाकट्या सूनबाई पांच फूट पांच इंच, थोरल्या सूनबाई चार फूट अकरा इंच. आणि दोघींसाठीं ओटा एकाच उंचीचा, कारण 'स्टँडर्ड' तेवढाच! उभ्यानें चिरण्या-ढवळण्याचें काम करावयाचें तर ओटा कोपराच्या चार-पांच इंच खालीं असावा. कणीक मळण्यास, जेथें खांद्याचा भार द्यावा लागतो, तेथें त्याहूनहि खालीं. हें माप कोणासहि घरच्या घरीं घेतां येतें : ताठ उभें राहून हात कोपरांत वांकवावा, व जमिनीपासून कोपरापर्यंत फीत धरावी. आमचा जुना ओटा गवंड्यानें स्वतःच्या अदमासानें तीस इंचांवर बसविला होता, व धाकट्या सूनबाईंच्या कंबरदुखीवर आम्हीं सात वर्षे तेलें आणीत होतों.

या 'स्टँडर्ड' स्वयंपाकघराची वंशावळ मनोरंजक आहे. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं पहिल्या महायुद्धानंतर घरांची मोठी टंचाई पडली असतां नगरपालिकेनें नव्या वसाहती उभारल्या. त्या घरांसाठीं मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या स्त्री-स्थापत्यकाराने १९२६ सालीं एक स्वयंपाकघर आंखलें. आगगाडीच्या भोजनडब्यांतील चिमुकल्या पाकगृहाचा आदर्श तिच्या डोळ्यांसमोर होता. रुंदी दोन मीटरांहून थोडी कमी, लांबी सुमारें साडेतीन मीटर. प्रत्येक डबा हात लांबवितांच मिळेल अशी योजना. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें तेथें बसविलीं गेलीं, व आज ज्यास आपण मॉड्यूलर किचन म्हणतों त्याचें मूळ तेथें शोधण्यांत येतें. बाईंची बुद्धि असामान्य, यांत शंका नाहीं. बायकांचे श्रम व वेळ वांचावा हाच त्यांचा हेतु होता. मात्र तें स्वयंपाकघर आंखलें होतें तें एकट्या स्त्रीसाठीं. त्यांत दुसरी बाई शिरली कीं पहिलीनें बाहेर यावें! जेथें एक पोळ्या लाटते, दुसरी फोडणी देते, तिसरी कोथिंबीर निवडते व चौथें मूल 'कांहींतरी द्या' म्हणून मध्यें येऊन उभें राहतें, अशा घरास तो अंगरखा जसाच्या तसा कसा बसावा? समोरासमोर दोन ओटे असतील तर मधली वाट एकीस साडेतीन फूट पुरते, दोघींस चार फूट तरी हवी. आमच्या कंत्राटदाराच्या नकाशांत ती तीन फूट होती.

आणि त्या नकाशांत आमच्या वहिनींस जागाच नव्हती.

वहिनी म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. वय एक्याऐशीं. गुडघे गेल्यामुळें त्यांस खालीं बसवत नाहीं, व पाव तासापेक्षां अधिक उभें राहवत नाहीं. जुन्या स्वयंपाकघरांत खिडकीखालीं एक लांकडी खुर्ची होती. तीवर बसून त्या भाजी निवडीत, शेंगा सोलीत, आणि मुख्य म्हणजे तेथूनच घर चालवीत. उद्यां भिजत काय घालावयाचें, कोणाच्या पथ्यास काय चालतें, कैरी किती किलो घ्यावी, हें सारें त्या खुर्चीवरून ठरे. नव्या नकाशांत खिडकीखालीं भांडी धुण्याचें सिंक आलें होतें. नकाशा घरच्यांस दाखविला तेव्हां वहिनी कांहीं वेळ पाहत राहिल्या व म्हणाल्या, "चांगलें आहे हो, भाऊजी. मला आतां आंत काय काम आहे? मी बाहेर पडवींत बसेन."

आमचे दोघेहि चिरंजीव या वाक्यानें निश्चिन्त झाले. पुरुषांस शब्द ऐकूं येतात. थोरल्या सूनबाई मात्र त्या रात्रीं आम्हांस म्हणाल्या, "बाबा, मोठ्या आई पडवींत बसल्या, कीं दोन दिवस आपण त्यांस बाहेर जाऊन विचारूं, तिसऱ्या दिवसापासून विचारणार नाहीं. मग त्या घरांत असून पाहुण्या होतील." आम्हीं छत्तीस वर्षे मुलांस निबंध लिहावयास शिकविलें, पण संयुक्त कुटुंबावर इतकें नेमकें वाक्य कोणा विद्यार्थ्याच्या वहींत वाचल्याचें आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कंत्राटदारास बोलावून नकाशा बदलावयास सांगितलें. सिंक बाजूच्या भिंतीस न्यावें. खिडकीखालीं तीन फूट रुंदीचा ओट्याचा तुकडा एकोणतीस इंच उंचीवर असावा, व त्याखालीं कपाट नसावें, म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्याचे गुडघे आंत जातील. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, असें हल्लीं कोणी करीत नाहीं. दोन ट्रॉल्यांची जागा फुकट जाते, आणि ग्रॅनाइटची रेघ तुटली कीं सगळा लुक जातो." आम्हीं सांगितलें कीं रेघ तुटूं द्या. तेव्हां ते हिशेबावर आले : पाण्याचे नळ व सांडपाण्याची वाट हलविण्याचा खर्च जादा. तो रास्त होता, व आम्हीं लिहून घेऊन मान्य केला. काम सुरू होण्यापूर्वीं बदल करण्यास कागद लागतो. नंतर छिन्नी लागते. पुढें असें दिसून आलें कीं, तोच बुटका तुकडा थोरल्या सूनबाईंस कणीक मळण्यास अगदीं योग्य उंचीचा ठरला. सकाळीं तेथें परात असते, नऊनंतर वहिनींची सुरी व पाट.

ज्या गोष्टी भिंतींत गडप होतात त्या आधीं पाहाव्या, हा दुसरा नियम. नळ बुजविण्यापूर्वीं पाण्याचा दाब देऊन सांधे तपासावे. फरशी बसविण्यापूर्वीं जलरोधक थरावर एक दिवसरात्र पाणी सांचवून ठेवावें, व खालच्या मजल्यावर ओल उतरते कीं काय तें पाहावें. विजेची शेगडी व ओव्हन यांस सोळा अँपियरचे स्वतंत्र पॉइंट लागतात. मिक्सरच्या पॉइंटवर त्यांचा भार टाकूं नये. गळती होतांच वीज तोडणारें तीस मिलिअँपियरचें यंत्र बसवून घ्यावें. ओल्या हातांनीं जेथें दिवसभर काम चालतें, तेथें हा खर्च टाळणें शहाणपणाचें नव्हे.

गॅसविषयीं एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सिलिंडरांतील गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर जमिनीलगत सांचतो. नळानें येणारा गॅस हवेपेक्षां हलका. तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडर ज्या खणांत ठेवावयाचा त्याच्या तळाशीं हवा खेळण्यास जागा हवी. नळाचा गॅस असेल त्या घरीं वायुमार्ग वर हवा. आमच्याकडे सिलिंडर आहे, आणि कंत्राटदारानें त्याच्या खणास वर सुंदर नक्षीची जाळी लावून खालची बाजू घट्ट बंद केली होती. ती कापून घ्यावी लागली.

लांकडाची गोष्ट याहून नाजूक. ठरलें होतें तें पाण्यांत टिकणारें, आय. एस. ७१० मानकाचें प्लायवूड. तक्ते आले तेव्हां आम्ही देवपूजेंत होतों. धाकट्या सूनबाई अंगणांत गेल्या, प्रत्येक तक्त्यावरचा शिक्का वाचला, व अकरांपैकीं चार तक्त्यांवर निराळाच क्रमांक असल्याचें सुताराच्या निदर्शनास आणलें. लॅमिनेट चिकटविल्यावर हा शिक्का ब्रह्मदेवासहि दिसत नाहीं. कंत्राटदार म्हणाले, दुकानदाराची गफलत. असेल. चार तक्ते त्याच संध्याकाळीं बदलून आले, तेव्हां आम्हीं अधिक चौकशी केली नाहीं. ट्रॉल्यांच्या पोलादाची परीक्षा मात्र इतकी सोपी नाहीं. लोहचुंबक चिकटला नाहीं म्हणजे उत्तम पोलाद, असें दुकानांत दाखवितात. परंतु २०२ व ३०४ या दोन्ही जातींस तो सामान्यतः चिकटत नाहीं, आणि ओलीमध्यें गंजास टिकण्यांत ३०४ पुष्कळ सरस. येथें बिलावर जात लिहून घेणें एवढाच उपाय.

मुदत अठरा दिवसांची होती. काम त्रेचाळीस दिवस चाललें. तेवढे दिवस मागल्या पडवींत एक शेगडी, दोन पातेलीं व एक तवा यांवर नऊ माणसांचा स्वयंपाक झाला, आणि खिचडीचे जितके प्रकार शक्य आहेत तितके सर्व आमच्या पोटांत गेले. विलंबाचें मुख्य कारण असें कीं, कंत्राटदारानें एकाच वेळीं चार घरांचीं कामें घेतलीं होतीं, व सुतारांची एकच जोडी या घरून त्या घरीं फिरत होती. हा मनुष्य लबाड होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याचे कारागीर नीटनेटके होते, गवंड्यानें जमिनीचा उतार इतका चोख काढला कीं पाण्याचा थेंब अडत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं सर्व रक्कम आधींच पडली, त्यास आपल्या घरची निकड कशी भासावी? आम्हीं आरंभीं पांचवा हिस्सा उचल दिली. पुढील हप्ते दिवसांवर न ठरवितां कामाच्या टप्प्यांवर ठरविले, म्हणजे ओटा बसल्यावर इतके, कपाटें उभीं राहिल्यावर इतके. आणि दहावा हिस्सा काम संपून दोन महिने होईपर्यंत राखून ठेविला. उशीर यानें टळला नाहीं. पण एकदां चार दिवस अदृश्य झालेला सुतार, हप्ता ओट्यावर अवलंबून आहे असें कळतांच, पांचव्या दिवशीं सकाळीं सातास दारांत उभा होता.

राखून ठेविलेली रक्कम गेल्या आठवड्यांत चुकती केली. त्याआधीं सिंकखालचा एक सांधा पाझरत होता तो, व एका दाराची बिजागरी, अशीं दोन कामें कंत्राटदारांनीं स्वतः येऊन विनातक्रार करून दिलीं. जातांना त्यांनीं खिडकीखालच्या बुटक्या ओट्याचें छायाचित्र काढून घेतलें. दुसऱ्या एका घरीं आजींसाठीं तसेंच हवें आहे म्हणे. जुन्या पंख्याचें भिंतींतील भोंक बुजविणें तेवढें राहिलें आहे. साळुंक्यांच्या जोडप्यानें तेथें काड्या आणावयास प्रारंभ केला असल्यामुळें, पिलें उडून जाईपर्यंत गवंड्यास बोलावूं नये असें वहिनींनीं सांगितलें आहे.