आकाशमार्गाचा निकाल भूमीवर

वैशाखातील दुपारी चिमूर तालुक्यातील नांगरून टाकलेल्या काळ्या रानातून पाचोळा गरगरवीत जी वावटळ उठते, तिच्याकडे आपण केवळ उपद्रव म्हणून पाहतो. परंतु उघड्या ढेकळांची जमीन लवकर तापते, शेजारचे जंगल आणि तलावाचे पाणी सावकाश तापते, आणि या विषमतेतून हलकी झालेली हवा वर झेपावते. त्या अदृश्य ऊर्ध्वप्रवाहाचा भूमीवर टेकलेला पाय म्हणजेच पुष्कळदा ती वावटळ होय. यंत्रावाचून आणि फडफडाट न करता भूमीवरून दूरचा प्रवास करणाऱ्या पंखाची, मग तो पक्ष्याचा असो वा माणसाचा, मुख्य पुंजी हीच.

हँग ग्लायडर हा असा एक मानवी पंख. धातूच्या दांड्यांवर ताणलेले कापड, त्याखाली पालथा लटकलेला माणूस, आणि यंत्र मुळीच नाही. चांगल्या ग्लायडरला एक किलोमीटर उंची मिळाली, तर स्थिर हवेत तो सुमारे पंधरा किलोमीटर पुढे जाऊ शकतो. तेवढ्यात दुसरा ऊर्ध्वप्रवाह सापडला नाही, तर उतरणे प्राप्तच असते. अशा तऱ्हेने, एका प्रवाहातून दुसऱ्या प्रवाहाकडे, ढगांचे तळ, धुळीची चिन्हे आणि घिरट्या घालणारे पक्षी यांचा माग काढीत, ३ जुलै २०१२ रोजी डस्टिन मार्टिन आणि जॉनी ड्युरांड हे दोन वैमानिक अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण सीमेवरील झपाटा गावाहून निघाले आणि सुमारे अकरा तास हवेत राहून उत्तरेकडे पोहोचले. मार्टिनचे अंतर ७६४ किलोमीटर, ड्युरांडचे ७६१. दिवसभर एकमेकांच्या सोबतीने उडालेल्या त्या दोघांत अखेरीस उरलेले हे तीन किलोमीटरांचे अंतर मला त्या दिवशी घडलेल्या जागतिक विक्रमाहूनही हृद्य वाटते. स्पर्धकाच्या वर्तुळांवरून हवेचा अंदाज बांधावा आणि आपल्या वर्तुळांनी त्याला तो पुरवावा, अशी ही स्पर्धा होती.

तथापि या साहसाचे मर्म उंचीत आहे असे जे मानतात, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. जो वैमानिक दूर जाऊ इच्छितो, त्याला क्षणोक्षणी खाली पाहावे लागते. आत्ता प्रवाह तुटला तर मी कोठे उतरणार, या प्रश्नाचे उत्तर हाताशी असल्यावाचून पुढे सरकणे म्हणजे आत्मघात. चिमूरहून ताडोबाकडे वळताच साग आणि बांबू यांचे जे निबिड आच्छादन सुरू होते, त्यावर असे उत्तर मिळणे कठीण. शिवाय तो मुलूख वाघांचा आहे, आणि तेथे मानवी क्रीडेला मंजुरी मिळू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

पण त्याच अरण्यातून एक असे उड्डाण झाले आहे की ज्याची नोंद प्रत्येक चिमूरकराने अभिमानाने ठेवावी. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून जानेवारी २०२४ मध्ये दहा गिधाडे ताडोबातील बोटेझरी येथे आणली गेली. पुढे ताडोबातून मोकळ्या सोडलेल्या एका गिधाडाने पाच राज्यांतून सुमारे चार हजार किलोमीटरांची भ्रमंती करीत तामिळनाडू गाठले. त्या दोन वैमानिकांजवळ उपकरणे होती आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. पिंजऱ्यात वाढलेल्या या पक्ष्याला हवेची वाट दाखवणारे आईबाप मोकळ्या आकाशात कधी लाभले नव्हते.

आणि येथेही निकाल भूमीवरच लागतो. गिधाडाला उतरावे लागते ते अन्नासाठी, मेलेल्या गुराजवळ; त्या गुराला मरणापूर्वी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेले असेल, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांत मरते. एकाच शवावर सारा थवा उतरत असल्यामुळे शंभरांत एकाहूनही कमी शवे अशी विषारी असली, तरी भारतात झाला तसा गिधाडांचा जवळजवळ सर्वनाश होऊ शकतो, असे संशोधकांचे गणित आहे. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या तशाच घातक औषधांवर २०२३ साली. परंतु माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, आणि तेथून गोठ्यापर्यंतची वाट कोणत्याही सरकारी फर्मानाला सर्वस्वी अडवता येत नाही. ती अडवू शकतो फक्त गुरांचा धनी.

म्हणून चिमूर, सिंदेवाही, ब्रह्मपुरी येथील शेतकऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बैल लंगडू लागला, गाय तापाने फणफणली, तर पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅम मागा, ते गुणकारी आहे आणि गिधाडांना निर्धोक आहे. घरातील दुखण्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅकची कुपी गोठ्यात नेऊ नका, आणि शेजारी नेत असेल तर त्याला थांबवा.