अपघाताची भरपाई ठरते कागदावर

रस्त्यावरच्या अपघातात घरातला कर्ता माणूस गेला, की दोन-चार वर्षांनी गावात चर्चा होते. एका घराला बावीस लाख मिळाले, दुसऱ्याला पंधराच. कुणी म्हणतं वकील कच्चा होता, कुणी म्हणतं वशिला लागतो. वशिल्याचं सोडा, आधी हिशेब समजून घ्या.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण रक्कम मनाने ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा आणि २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात त्याची रीत घालून दिली आहे. मयताचं महिन्याचं उत्पन्न धरायचं. पुढे ते वाढलं असतं म्हणून त्यात भर घालायची. स्वतःची शेती किंवा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के, ४० ते ५० वयाला २५ टक्के. मग त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा. मागे चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर चौथा हिस्सा जातो. उरलेल्या वार्षिक रकमेला वयाप्रमाणे गुणायचं. वय ३६ ते ४० असेल तर १५ ने, ४१ ते ४५ असेल तर १४ ने. अंत्यविधी वगैरेच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता उदाहरण घ्या. शेतकरी ३८ वर्षांचा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. उत्पन्न महिना १२,००० रुपये धरलं तर भरपाई येते २२,६८,००० रुपये. तेच उत्पन्न ८,००० धरलं तर १५,१२,०००. महिन्याचे चार हजार सिद्ध झाले नाहीत, तर घराचे साडेसात लाख बुडाले!

शेतकरी अडतो तो इथंच. नोकरदाराकडे पगारपत्रक असतं, आपल्याकडे काय? कागद नसला तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं. शिवाय विमा कंपनीचा वकील विचारतो, 'माणूस गेला, जमीन तर आहे ना?' हा मुद्दा अगदीच खोटा नाही. जमीन वारसांकडेच राहते, म्हणून सगळं पीक-उत्पन्न बुडालं असं धरलं जात नाही. पण जमीन कसणारा आणि देखरेख करणारा गेला, त्याची किंमत धरावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितलं आहे. म्हणून नुसता सात-बारा पुरत नाही. ऊसबिलं, दूध डेअरीची बिलं, आडतीच्या पट्ट्या, बँकेचं पासबुक जपून ठेवा. आता मजूर लावावा लागतो, तर त्याचा खर्चही लिहून ठेवा.

वयाचंही तसंच. वरच्याच हिशेबात वय ३८ ऐवजी ४१ धरलं, तर रक्कम १८,९०,००० वर येते. आधार कार्डावरची जन्मतारीख हा वयाचा पक्का पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटलं आहे. तो दाखला शोधून ठेवा.

घरातली बाई गेली तर 'ती कुठं कमावत होती?' असं म्हणून गप्प बसू नका. घरकामालाही मोल आहे आणि त्याचं उत्पन्न धरलंच पाहिजे, असा २०२१ सालचा निकाल आहे. रानातल्या कामाचं तर आहेच.

समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. आपल्या माणसाची २० टक्के चूक ठरली, तर तेवढी रक्कम कापली जाते. म्हणून पंचनाम्यात गाडी कोणत्या बाजूला होती, रस्त्यावरच्या खुणा काय होत्या, हे नीट लिहिलं जातंय ना, ते पाहा.

दुरुस्त कायदा १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा 'वर्षश्राद्ध झाल्यावर बघू' म्हणू नका. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा टाकता येतो.

पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांना एकच सांगणं. दुखवट्याच्या घरातली माणसं कागद मागायला लगेच येत नाहीत. दहावं-तेरावं उरकलं की आपणच चौकशी करा, मृत्यूचा दाखला आणि उतारे काढून द्या. तुमचा एक दिवस जाईल, पण त्या घराचे काही लाख वाचतील.