पदवीधर शेतकरीपुत्रांचे ध्येय

सांप्रत अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत असे खेडे क्वचितच आढळेल की, जेथील एकही मुलगा वा मुलगी महाविद्यालयात शिकत नाही. शेतकऱ्याने कापूस विकून, प्रसंगी कर्ज काढून, मुलांस विद्या दिली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पदवी हाती पडल्यावर पुढे काय करावयाचे, असे या तरुणांस विचारले असता बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते, ते म्हणजे सरकारी नोकरी.

या इच्छेबद्दल मुलांस दोष देणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांपैकी नाही. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले, व महिन्याच्या महिन्यास येणाऱ्या वेतनाने घरास किती स्वस्थता लाभते, हे आम्ही जाणतो. ज्याने आपल्या बापास कधी आभाळाकडे, तर कधी कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेले पाहिले, त्याने निश्चित मिळकतीची आस धरावी यात नवल ते काय? शिवाय शेती करणाऱ्या तरुणास आपली मुलगी देण्यास हल्ली शेतकरीच तयार नसतो. जो धंदा आपण स्वतः कमी लेखतो, तो मुलांनी आदराने करावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

तथापि हिशेब पाहिला पाहिजे. सन 2023 मध्ये राज्यातील तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांकरिता दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार झाले. निवड होणाऱ्या एकाचे अभिनंदन करावे. पण उरलेल्यांची वाट कोणती? शहरात खोली घेऊन परीक्षेमागून परीक्षा देण्यात उमेदीची वर्षे जातात, आणि त्या खोलीचे भाडे शेवटी शेतच भरते.

वऱ्हाडातील जाणता शेतकरी सारे शेत एकाच पिकाच्या भरवशावर टाकीत नाही. कपाशीच्या ओळींत तुरीचे तास धरतो. कपाशी बुडालीच, तर तूर घर सांभाळते. हीच रीत विद्यार्थ्यांनी आपल्या आयुष्यास लावावी, असे आमचे मत आहे. परीक्षा अवश्य द्यावी. परंतु किती वर्षे द्यावयाची, हे आईबापांसमक्ष आधीच ठरवावे. त्याच काळात माती परीक्षण, ठिबक संचाची दुरुस्ती, शेतकरी कंपनीचे हिशेब, डाळ गिरणीचा व्यवहार, यांपैकी एखादे काम हाताखाली राहून शिकावे. अशा कामास गावात माणूस मिळत नाही, ही आपली नित्याची तक्रार आहेच.

दुसरी गोष्ट अशी की, नोकरी ही उपजीविका होय, ध्येय निराळे. 1898 साली पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले व त्यांनी अमरावतीस वकिली केली. पण आपल्यासारख्या कुटुंबांतील मुलांस विद्या मिळावी, हे त्यांचे ध्येय होते. म्हणून 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले, आणि 1969 साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते. प्रत्येकास पंजाबराव होता येणार नाही. परंतु तलाठी व्हावयाचे तर कोणासाठी, एवढे तरी प्रत्येकास ठरविता येईल. वारसाची नोंद वेळेवर न झाल्यामुळे पीककर्ज अडलेली विधवा ज्या कारकुनाने पाहिली आहे, त्यास या प्रश्नाचे मोल सांगावे लागत नाही.

पालकांसही आमची एक विनंती आहे. खरिपाच्या पेरणीपूर्वी घरात जसा बियाण्याचा विचार होतो, तसा एक दिवस मुलांस जवळ बसवून त्यांच्या मनातील बेत ऐकावे, व शेताचे उत्पन्न आणि कर्ज यांचा खरा आकडा त्यांस दाखवावा. तो दडवून ठेवल्यास मुले अजमासावर स्वप्ने रचतील, आणि त्यांची भरपाई पुन्हा शेतासच करावी लागेल.