स्वस्तातला जुना ट्रक पहिल्या मालकासाठी नाही

या आठवड्याची नोंद रोपांची नाही, ट्रकची आहे. कारण महिनाभरात तीन पोरांनी एकच विचारलं, "काका, जुना सहाचाकी स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" कांद्यात राहत नाही, भाड्यात तरी राहील, असा त्यांचा हिशोब. आणि गावातले सगळे सल्लागार एकच पाढा म्हणतात. पहिली गाडी जुनी घे, हात बसू दे, मग मोठी घे. हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं त्या सौद्यात कमिशन असतं, हेही लिहून टाकतो.

मी शेती सांभाळून नऊ वर्षं दहाचाकी चालवली, त्यावरून सांगतो. जुनी गाडी ही जुन्या मालकाची गाडी आहे. ज्याच्याकडे पाच गाड्या आहेत, त्याचा मिस्त्री ठरलेला, गॅरेजवाला उधारीवर काम करतो, एक गाडी उभी राहिली तर चार फिरतात. नवख्याचं काय? मालक तोच, ड्रायव्हर तोच, गाडी एकच. ती आठ दिवस गॅरेजला लागली की आठ दिवस धंदा बंद, हप्ता मात्र चालू. ज्याच्याकडे सोसायची ताकद सगळ्यात कमी, त्यालाच सगळ्यात जास्त बिघडणारी गाडी द्यायची, याला शिकवणं म्हणतात का?

आता वयाचं बघा. आपण बियाण्याची पिशवी घेताना मुदत वाचतो. ट्रकलाही मुदत असते, पण ती कोणी वाचत नाही. दोन अ‍ॅक्सलच्या, म्हणजे आपल्या साध्या सहाचाकी गाडीला, बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. दोनपेक्षा जास्त अ‍ॅक्सलच्या गाडीला ते पंधरा वर्षांपर्यंत मिळतं. म्हणजे 2015 ची सहाचाकी आज घेतली तर 2027 नंतर ती महाराष्ट्राबाहेर माल नेणार नाही. इंदूर नाही, सुरत नाही. मग राहतं काय? बाजार समिती ते खळं, नाहीतर वीट-मुरूम. तिथं तुमच्याआधी शंभर गाड्या लाइनीत उभ्या आहेत. हप्ता चार वर्षांचा आणि परमिट वर्ष-दीड वर्षाचं, हा सौदा स्वस्त कसा?

दिल्लीची वाट तर आजच बंद आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-3 आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत शिरता येत नाही. बीएस-4 देशभर 1 एप्रिल 2017 पासून आलं, त्यामुळे आपल्याकडच्या 2015 च्या गाड्या बहुतेक बीएस-3 च. आझादपूरला कांदा न्यायचा विचार करून अशी गाडी घेणाऱ्याला एजंट हे सांगतो का? मी तरी सांगताना ऐकलेला नाही. बीएस-4 लाही तिथं मुदतीपुरतीच सवलत आहे, हे ध्यानात ठेवा.

डिझेलचा हिशोब मी वहीत मांडून पाहिला. नाशिक ते दिल्ली धरा साडेबाराशे किलोमीटर. चांगली दहाचाकी भरून लिटरला चार दिली तर 312 लिटर लागतं. थकलेलं इंजिन सव्वातीन देतं, म्हणजे 385 लिटर. नव्वदच्या भावानं जाताना साडेसहा हजार जास्त, येताना तेवढेच. महिन्याला दोन खेपा म्हणजे 26 हजार. स्वस्त गाडीनं हप्त्यात वाचवलेले पैसे पंपावरच गेले. यात रस्त्यात बंद पडणं धरलेलंच नाही. माल कांद्याचा असेल तर ताडपत्रीखाली दोन दिवसांत तापतो, पाणी सोडतो, आणि व्यापारी भाड्यातून कापतो. दुरुस्तीचं बिल वेगळंच.

समोरच्यांचा एक मुद्दा खरा आहे, तो नाकारत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांना साधा पंप होता, ढाब्यावरचा मिस्त्रीही खोलायचा. बीएस-6 ला सेन्सर, युरिया, लाइट लागली की कंपनीच्या वर्कशॉपला धावा. बरोबर आहे. पण म्हणून बारा वर्षांची गाडी हे उत्तर नाही. सहा-आठ वर्षांची, तीन अ‍ॅक्सलची, पहिल्या मालकाच्या हातची बीएस-4 बघा. परमिटला सात-आठ वर्षं शिल्लक राहतात, मिस्त्रीही आता त्यात तयार झालेत. आणि अशी गाडी परवडत नसेल तर वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर राहा. हात तिथंही बसतो, आणि पगार मिळतो.

बघायला गेलात तर रंग आणि केबिनमधले फुगे-झालर बघू नका. सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. परत या, थंड असताना समोर स्टार्ट करायला लावा. ऑइलचं झाकण काढून बघा, आत सायीसारखं पांढरं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये जातंय. ब्रीदरमधून फकफक धूर येत असेल तर पिस्टन-रिंगा गेल्या, हाफ इंजिनचं काम उभं आहे. मग खाली झोपा. चेसिसला पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंग किंवा जोडपट्टी आहे का बघा, ताज्या काळ्या रंगाखाली हमखास लपवतात. तुटलेली चेसिस जोडलेली असेल तर फुकट दिली तरी नको. रिकामी गाडी सगळ्यांनाच चांगली वाटते; भरून राहुड घाट चढवा, तिथं क्लच, टर्बो आणि गरम होणं सगळं बोलतं. टायर दहाच्या दहा मोजा, रिमोल्ड किती ते बघा. एक नवा टायर वीस हजाराच्या पुढं आहे.

आणि विचारा, गाडीनं आजवर काय वाहिलं? पार्सलची गाडी आणि वाळूची गाडी एकाच वर्षाची असली तरी एक वयाची नसते. वाळूच्या गाडीवर गौण खनिजाचा दंडही चिकटलेला असू शकतो, तहसीलला चौकशी करा.

पैशाचं थोडक्यात. फायनान्सवाला "दहा टक्के फ्लॅट" म्हणाला की भुलू नका. दहा लाखाला चार वर्षं दहा टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता 29,167, आणि घटत्या शिलकीवर तो दर साडेसतराच्या आसपास पडतो. पीक कर्जाच्या व्याजाची सवय असलेल्याला हे कळायला उशीर लागतो. वीस ते चाळीस टन वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच 44 हजाराजवळ, वर जीएसटी. म्हणून हातात बारा लाख असतील तर गाडी नऊची बघा, तीन लाख बँकेत ठेवा.

कागद शेवटी लिहितोय, पण बघायचे आधी. आरसी, परमिट, पासिंग, टॅक्स, चलनं बाकी आहेत का, बोजा उतरलाय का. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं, ते केव्हा संपतं ते बघा. वजन आरसीवर लिहिलंय तेवढंच. 2018 ला तीन अ‍ॅक्सलची मर्यादा 25 वरून 28.5 टन झाली, पण तुमच्या आरसीवर 25 च असेल तर काट्यावर 25 च धरतील. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरसीशी जुळवा. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या. फायनान्सची गाडी असेल तर फॉर्म 35 आणि एनओसी हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. "नाव नंतर करू" म्हणणाऱ्याकडून गाडीच घेऊ नका. आरसी आणि विमा दुसऱ्याच्या नावावर, गाडी तुमची, आणि घाटात पलटी झाली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम तुम्ही कुठल्या तोंडानं मागणार?

ज्या एजंटांना हे झोंबलं असेल त्यांनी पुढच्या जाहिरातीत किमतीच्या आधी एवढंच लिहावं की या गाडीला नॅशनल परमिट कोणत्या सालापर्यंत मिळेल. मग बोलू. उत्तर संध्याकाळी देईन, या आठवड्यात आम्हाला दिवसाची लाइट आहे.